मेणावरचा अंगठा

फार पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरीत जयसेन राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्व मधाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता, आणि वडिलांच्या माघारी त्यांचे दुकान तोच चालवीत होता.

पोतलीत तेव्हा मध येई तो धुरकट. रानातली माणसे मोहोळाखाली पेटते पलिते धरत, माश्या होरपळून खाली पडत, आणि मग मध, अंडी, पिल्ले असे सगळे एकत्र पिळून गाडग्यांत भरले जाई. खाणाऱ्याच्या जिभेला थोडी राख लागे. मध म्हटला की राख आलीच, असे लोक धरून चालत, आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नसे.

एका वर्षी बोधिसत्त्व स्वतः बैलांच्या तांड्याबरोबर डोंगरात गेला. अकराव्या दिवशी तो सोनकड्याखाली पोहोचला. कडा सरळ उभा होता, आणि त्याच्या पोटाला आग्या माश्यांची मोहोळे लटकत होती, एकेक सुपाएवढे. खाली वीसेक झोपड्यांची वस्ती होती. तिथली माणसे वेलींच्या शिडीने कडा चढून मध काढत, आणि त्यांची एक रीत होती. तीन मोहोळांपैकी दोहोंनाच हात लावायचा, त्यांचाही फक्त मधाचा गड्डा कापायचा, पिल्लांचा भाग सोडून द्यायचा. तिसरे मोहोळ जसेच्या तसे ठेवायचे. खाली उतरल्यावर मध काढणारा त्याच मोहोळाचे ताजे मेण गाडग्याच्या तोंडावर बसवी, कड्याकडे बघून "वर ठेवलंय" एवढेच म्हणे, आणि मेणावर अंगठा दाबी. जो वर गेला नाही त्याने अंगठा लावायचा नाही. त्याच्या बायकोनेही नाही, भावानेही नाही.

त्या दिवशी वर गेलेल्या माणसाचे नाव कुरंग होते. त्याच्या अंगठ्यावर कोयतीने कापल्याची तिरपी खूण होती, ती मेणात स्पष्ट उमटे. बोधिसत्त्वाने त्याला सहज विचारले, की तू तिसरे ठेवलेस की नाही हे बघायला वर कोण येणार आहे?

"कुणी नाही," कुरंग म्हणाला. "म्हणून तर अंगठा."

बोधिसत्त्वाला हे उत्तर फार आवडले. त्याने धुरकट मध घेणे सोडले आणि सोनकड्याचा मध पोतलीत आणला. दुकानात कोणी मेणावरच्या ठशाबद्दल विचारले की तो कुरंगाची गोष्ट सांगे. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांनी गोष्ट ऐकून घेतली आणि धुरकट मधच नेला. दुसऱ्या वर्षी काहींनी चाखून बघितला. तिसऱ्या वर्षी कुंभारआळीतली एक बाई म्हणाली, की हा मध पोटात गेला की मन कसे स्वस्थ राहते. ऐकणारे हसले, पण त्यांनाही तसेच वाटत होते.

मग मात्र नगरीची सवयच बदलली. बायका गाडगे हातात घेतले की आधी अंगठा बघत. धुरकट मधाच्या दुकानांकडे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्या व्यापाऱ्यांनीही आपल्या माणसांना पलिते टाकायला लावले. यक्षाच्या पारावरच्या वडाला मोहोळ लागले तर त्याच्याखाली कोणी चूल पेटवीना. रहाटाशी पाणी प्यायला आलेली माशी कोणी फडक्याने झटकीना. सोनकड्यावरची मोहोळे वाढत गेली. हे सगळे खरोखर घडले, आणि ते चांगले होते, म्हणून ते आधी सांगितले.

आठ-नऊ वर्षांनी त्यात थोडा फरक पडला. पूर्वी पोतलीतले लोक मध बोटाने चाटत, तेही खोकल्याला, नाहीतर पाहुणा आला तर. आता अंगठ्याचा मध घेणे म्हणजे माश्यांवर दया करणे, हे सर्वांना ठाऊक झाले होते. मग जास्त घेतला तर जास्त दया झाली, असेही वाटू लागले. श्रीमंतांच्या ओसरीवर गाडगी ओळीने मांडलेली दिसत, पाहुण्यांना ठसे दिसावेत म्हणून जराशी कलती करून. लग्नात वऱ्हाडाच्या हातांवर मध ओतला जाई. राजाच्या घोड्यांच्या आयाळीला मध चोळत, आणि भाट त्यावर राजाच्या करुणेची कवने रचत. सोनकडा एकच आहे, हे कोणाच्या मनात आले नाही. बोधिसत्त्वाच्याही आले नाही. त्याला अजून बोधी प्राप्त व्हायची होती, आणि दुकान चांगले चालले होते.

या सगळ्या गिऱ्हाइकांत एक बाई वेगळी होती. तिचे नाव तिष्या. ती विणकरआळीत राहत असे, पण ती मूळची सोनकड्याची, कुरंगाची लेक. सोळाव्या वर्षी बोधिसत्त्वाच्याच तांड्याबरोबर ती नवरी होऊन पोतलीत आली आणि पुन्हा माहेरी गेली नाही. मागाचे काम, सासू, बाळंतपणे, असे एकामागून एक होत गेले. एकदा निघाली होती, तर तिसऱ्या दिवशी नदीला पूर आला आणि तिला मागे फिरावे लागले. अकरा दिवसांच्या वाटेवर निरोप जाईपर्यंत शिळा होतो, आणि लिहिणे तर तिच्या घरात कोणालाच येत नव्हते.

दरवर्षी वैशाखात तांडा आला की तिष्या दुकानात येई. ती मधाकडे बघत नसे. एकेक गाडगे उचलून ती मेण निरखी, तिरप्या खुणेचा अंगठा सापडेपर्यंत. सापडला की तिच्या चेहऱ्यावरचा सगळा शीण उतरे. घरी गेल्यावर ती तो ठसा सुरीने अलगद सोडवून एका करंडीत ठेवी. मध घरातले संपवत, ठसा तिचा. मन फार ओढ घेई त्या दिवशी ती करंडी उघडून ठशात आपला अंगठा ठेवी. तिचा अंगठा त्यात बुडून जाई, कारण बापाचा हात मोठा होता. यंदाही बा कडा चढला, यंदाही त्याचे गुडघे धड आहेत, एवढे तिला त्यातून कळे. माहेरची तेवढीच खुशाली तिला मिळत होती. बोधिसत्त्वाला हे माहीत होते. पुढे पुढे तो तिच्यासाठी ते गाडगे शोधून बाजूला काढून ठेवू लागला.

आता बोधिसत्त्वाच्या हातून झालेली चूक सांगायची आहे. एका वर्षी मागणी फार होती आणि वळीव लवकर येणार अशी चिन्हे होती. बोधिसत्त्व सोनकड्याखाली उभा होता. गाडगी भरलेली होती, पण प्रत्येक माणूस खाली उतरून ताजे मेण लावीपर्यंत बैल खोळंबून राहत. तेव्हा त्याने वस्तीला सुचवले, की मेणाच्या चकत्या आधीच ठसवून ठेवा, नंतर नुसता काठ गरम करून बसवू. चढणारी माणसे तीच, ठेवणारीही तीच, मग अंगठा आधी काय आणि नंतर काय. वस्तीतली माणसे एकमेकांकडे बघू लागली. कुरंग तेवढा म्हणाला, "श्रेष्ठी, अंगठा खालीच उमटला, तर वर गेल्यावर आठवण कोण करून देणार?"

बोधिसत्त्वाने हसून त्याची समजूत घातली. कुरंगाला पाहुण्याचे मन मोडवेना. त्याने त्या संध्याकाळी टोपलीभर चकत्या ठसवल्या. तांडा वळिवाच्या आधी पोतलीत पोहोचला, आणि ही युक्ती किती उपयोगाची म्हणून बोधिसत्त्वाला समाधान वाटले. त्यानंतर तो डोंगरात गेला नाही. तांडा घेऊन पुष्कर जाई, आणि वस्तीची माणसे भरलेली गाडगी त्याला खालच्या वाटेवरच आणून देत, त्यामुळे कड्यापर्यंत तोही पोहोचत नसे. हा पुष्कर त्याचा जुना माणूस होता, हुशार आणि शब्दाला पक्का.

आणखी सहा वर्षे गेली. एके दिवशी यक्षाच्या जत्रेत तिष्याला सोनकड्याकडची एक बाई भेटली. ती मिठाच्या व्यापाऱ्याला दिलेली होती आणि नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडत असे. दोघी वडाखाली बसल्या, आणि बोलता बोलता ती बाई म्हणाली की कुरंगकाकांच्या माघारी वस्तीला पूर्वीची कळा राहिली नाही. तिष्याला ठाऊक असेल असेच ती धरून चालली होती. कुरंगाला जाऊन दोन पावसाळे झाले होते. तिष्याच्या भावाने एका बैलवाल्याबरोबर निरोप धाडला होता, पण तो बैलवाला त्या वर्षी दुसऱ्याच तांड्यात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिष्या दुकानात आली. गर्दी होती. आपली पाळी येईपर्यंत ती कडेला उभी राहिली. मग तिने पदराची गाठ सोडून मेणाचे दोन ठसे बोधिसत्त्वापुढे ठेवले. दोन्हींवर तिरपी खूण होती.

"हा यंदाचा, हा गेल्या सालचा," ती म्हणाली. "माझा बा जाऊन दोन पावसाळे झाले, श्रेष्ठी. मग 'वर ठेवलंय' असं म्हणालं कोण?"

बोधिसत्त्वाने ठसे हातात घेतले. त्याला आपलेच सोनकड्याखालचे बोलणे आठवले, शब्द न् शब्द.

"मी दोन वर्षं यात अंगठा ठेवून त्याची खुशाली घेत होते," तिष्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बोधिसत्त्वाला सोपे गेले असते.

त्याने सांगितले की मला माहीत नाही, मी जाऊन बघून येतो. ती म्हणाली, मीही येते. तिच्या नवऱ्याने माग बंद ठेवून तिला गाडीपर्यंत पोहोचवले, आणि बोधिसत्त्व, पुष्कर आणि तिष्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले.

सव्वीस वर्षे तिष्या जी वाट मनात चालत होती ती आता पायाखाली होती, आणि बाप नव्हता. तरी आठव्या दिवशी कारवीचा वास आला तेव्हा ती गाडीतून उतरून पायी चालू लागली. ती बोधिसत्त्वाला सांगे, की आमचा कडा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. अर्ध्या दिवसाच्या अंतरावरूनच माश्यांचा घुमारा कानावर येतो. लहानपणी बाजारातून परत येताना तो ऐकू आला की आई म्हणायची, चला, घर आले.

अकराव्या दिवशी सकाळी तिने गाडी थांबवायला सांगितली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा हाताने धरून ठेवायला लावल्या. ती वाटेवर उभी राहून ऐकत राहिली. बोधिसत्त्वानेही कान दिला. पानांतून वारा जात होता, दूर एक टिटवी ओरडत होती. मग ती पुढे चालू लागली.

सोनकड्यावर मोहोळांच्या जागी काळे डाग होते. अगदी वरच्या कपारीत, शिडी पोहोचत नाही तिथे, दोन मोहोळे उरली होती. तिष्याचा भाऊ तिंदुक झोपडीबाहेर आला. बहिणीला त्याने आधी ओळखलेच नाही. ओळखल्यावर दोघे बापाच्या रिकाम्या बाजेवर बसून रडले.

मग तिंदुकाने काहीही न लपवता सांगितले. पोतलीहून दरवर्षी जास्त गाडगी येत. ठसे तयारच असत. जो वर जाई त्याला वाटे की तिसरे मोहोळ मागून येणारा ठेवील, आणि मागून येणाऱ्याला वाटे की ते पुढच्याने ठेवले असेल. खाली उतरल्यावर कड्याकडे बघायची वेळच येत नसे. शपथ कोणी घेतली नव्हती, त्यामुळे आपण ती मोडली असेही कोणाला वाटले नाही. कुरंगाचे पाय गेल्यावर तो बाजेवर बसून चकत्या ठसवी. म्हाताऱ्याला तेवढेच काम जमत होते, आणि त्याच्याकडून ते काढून घ्यायला कोणाचे मन होईना. तिंदुकाने झोपडीतून तीन टोपल्या आणून ठेवल्या. तिन्ही कुरंगाच्या अंगठ्यांनी भरलेल्या होत्या. अजून कितीतरी वर्षे पुरले असते.

पुष्कर बोधिसत्त्वाला बाजूला घेऊन गेला. तो वाईट माणूस नव्हता, आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. तो म्हणाला, की कड्याला विसावा देऊ, पण गाजावाजा नको. दुसऱ्या डोंगरात शिस्तीने काढलेला मध मिळतो, तो या ठशांखाली काही वर्षे विकू. माश्या आल्या की सगळे पूर्ववत होईल. लोकांना खरे सांगितले तर ते आपल्यावर चिडतीलच, पण पुढे कोणावरच विश्वास ठेवणार नाहीत आणि पुन्हा धुरकट मध घेऊ लागतील. मग बाकीच्या डोंगरांवरच्या माश्याही मरतील. ते पाप कोणाच्या माथी?

बोधिसत्त्वाने कड्याकडे बघितले. पुष्कर सांगत होता तसे होणार हे त्याला दिसत होते. तरी तो म्हणाला, "पुष्करा, लोक माझ्याकडे मध घेत नव्हते. आपल्याला वर जाता येत नाही, म्हणून ते आपले डोळे माझ्यापाशी ठेवत होते. मी बघितलं नाही. आता निदान बघितलेलं सांगू दे."

टोपल्यांचे काय करायचे ते त्याने तिष्यावर सोपवले. तिच्या बापाचे शेकडो अंगठे तिच्यासमोर होते, आणि पोतलीत एकेका अंगठ्यासाठी ती वर्षभर वाट बघत असे. ती टोपल्यांपाशी बसली, एक चकती उचलून तिने त्यात आपला अंगठा ठेवला, आणि मग काढून घेतला. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होते, की जुन्या मेणाचा वास आला तर भटकी मोहोळे त्या जागी उतरतात. तिष्याने चूल पेटवली आणि तिन्ही टोपल्या मडक्यात ओतल्या. पदरातले दोन ठसेही तिने त्यात टाकले. बापाने खरोखर कडा चढून उमटवलेले जुने ठसे तेवढे तिने घरच्या करंडीत राहू दिले. तिंदुक शिडीने वर गेला आणि ते मेण त्याने कपारींना माखले. खाली उतरल्यावर जुन्या सवयीने त्याने कड्याकडे पाहिले, पण म्हणण्यासारखे काही नव्हते.

पोतलीत परतल्यावर बोधिसत्त्व बाजाराच्या दिवशी यक्षाच्या पारावर उभा राहिला. त्याने लोकांना सरळ सांगितले, की सहा वर्षे झाली, मी विकलेल्या मधामागे वर काही ठेवलेले नव्हते. ठसे आधीच उमटवण्याची युक्ती माझी, वस्तीची नव्हे. माश्या परत येईपर्यंत माझ्या दुकानात मध मिळणार नाही.

लोक भयंकर संतापले. कड्याबद्दल फार थोड्यांनी विचारले. नंदिसेन नावाच्या गृहस्थाच्या ओसरीवर तीस गाडगी होती, तो पुढे येऊन म्हणाला, "आम्ही इतकी वर्षं दया केली, तिचं काय झालं, श्रेष्ठी?"

"तुमची दया खरी होती," बोधिसत्त्व म्हणाला. "माझ्याकडे ठेवायला दिलीत, मी ती सांभाळली नाही."

त्या दिवशी पोतलीतल्या गटारांतून मध वाहिला. राजाच्या घोड्यांच्या आयाळी धुतल्या गेल्या. पुढे पुष्कर म्हणाला होता तसेच झाले. सगळे व्यापारी सारखेच, असे म्हणत लोक धुरकट मध घेऊ लागले, आणि ज्या दोघा-तिघा व्यापाऱ्यांनी मनापासून पलिते टाकले होते त्यांचीही विक्री बसली. ते बोधिसत्त्वाच्या नावाने बोटे मोडत. पुष्कर डोळे पुसत निरोप घेऊन दुसऱ्या पेढीवर गेला. बोधिसत्त्वाने राहते घर विकून सोनकड्याच्या वस्तीला दरसाल नाचणी आणि मीठ पोहोचेल अशी व्यवस्था केली, म्हणजे कोणाला कडा चढावा लागू नये. स्वतः तो एका अरुंद दुकानात तीळ आणि दिव्याच्या वाती विकू लागला. खरे बोलल्यावर लगेच फुले पडतात असे काही नाही, आणि इथेही पडली नाहीत.

दरवर्षी चैत्रात मात्र तो पायी सोनकड्याला जाऊन येई. तो परतला की तिष्या त्या अरुंद दुकानापाशी येऊन विचारी, "आल्या का?" तो सांगे, नाही. ती पदर सारखा करून परत जाई. करंडीतले जुने ठसे आता इतके हाताळले गेले होते की तिरपी खूण पुसट होत चालली होती. नवा ठसा येणार नव्हता. तरी वैशाख जवळ आला की तिचे पाय आपोआप बाजाराकडे वळत, आणि मग आठवण होऊन ती मागे फिरे. तिला बाप हवा होता, कड्याचा घुमारा हवा होता, आणि यांतले काहीच तिला बाजारात घेता येत नव्हते.

तिसऱ्या वर्षी विणकरआळीतली तिची शेजारीण तिच्याबरोबर आली. तिला सोनकड्याचे काही नव्हते, पण रोज तिष्याजवळ बसून बसून तिलाही विचारावेसे वाटू लागले. पाचव्या वर्षी आळीतली दहा-बारा माणसे आली. कुंभारआळीतली ती बाईही आली, आता म्हातारी झालेली, काठी टेकत. हळूहळू त्या भागात माणसे चैत्रात भेटली की एकमेकांना विचारत, आल्या का? ती धुरकट मध घेत नसत. त्यांच्या घरी पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. अंगठा दाखव असे आता कोणी म्हणत नव्हते. कड्यावर काय आहे, एवढेच ती विचारत.

सातव्या वर्षी बोधिसत्त्व परतला तेव्हा दुकानासमोर पुष्कळ माणसे उभी होती. तिष्याने नेहमीसारखे विचारले.

"आल्या," बोधिसत्त्व म्हणाला. "तीन मोहोळं लागलीत, तुझ्या बापाचं मेण माखलं होतं त्याच कपारीत. रीतीप्रमाणे दोन काढता येतील. तिंदुक विचारतोय, काढू का? पहिलं गाडगं तुझं."

तिष्या दुकानाच्या पायरीवर बसली. सात वर्षांत तो मध तिच्या जिभेला लागला नव्हता. नव्या मेणावर भावाचा अंगठा उमटेल, त्यात आपला अंगठा ठेवता येईल, हे सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिला रडू आवरेना. माणसे थांबून राहिली. मग डोळे पुसून तिने विचारले, "घुमारा ऐकू येतो का? अर्ध्या दिवसाच्या वाटेवरून?"

"वाटेवरून नाही. कड्याखाली उभं राहिलं की येतो."

"मग तिन्ही राहू द्यात," ती म्हणाली. "वाटेवरून ऐकू येईपर्यंत नको."

कुंभारआळीतली म्हातारी म्हणाली की तोवर मी काही जगत नाही, पण मलाही नको. शेजारणीने मान डोलावली. एकेक करून सगळी माणसे नको म्हणून घरी गेली. बोधिसत्त्व आयुष्यभर गिऱ्हाइकांनी काय घेतले ते बघत आला होता. त्या दिवशी रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या त्या गिऱ्हाइकांकडे बघताना त्याचे मन भरून आले.

तो निरोप सोनकड्याला पोहोचला. त्या वर्षीही तिंदुक शिडीने वर गेला, तिन्ही मोहोळे डोळ्यांनी बघितली आणि रिकामी कोयती घेऊन खाली उतरला. कपारीखाली मेणाचा एक लहान तुकडा आपोआप पडला होता. तो त्याने हाताच्या उबेने मऊ केला, कड्याकडे बघून "वर ठेवलंय" म्हणाला, आणि त्यावर अंगठा दाबला. नाचणी-मीठ पोहोचवून परतणाऱ्या तांड्याबरोबर तो तुकडा पोतलीत आला. त्याच्याबरोबर गाडगे नव्हते. तिष्याने तो तळहातावर घेतला आणि त्यात आपला अंगठा ठेवला. भावाचा हात बापाएवढा मोठा नव्हता, तिचा अंगठा त्यात नीट बसला.

भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा एका उत्कंठित भिक्षूला सांगितली. त्याला डोंगरातल्या आपल्या गावाची ओढ लागली होती, आणि भिक्षेच्या वेळीही तो दक्षिणेकडे बघत उभा राही. इतर भिक्षू त्याला हसत. शास्ते त्यांना म्हणाले, "हसू नका. ओढ लागलेल्या माणसानेच मागे एकदा साऱ्या नगरीला सावध केले होते." मग त्यांनी जन्मांची जुळणी करून दिली. त्या वेळचा कुरंग म्हणजे आजचा वृद्ध स्थविर सुभूमिक, तिंदुक म्हणजे विहाराची वाट झाडणारा भिक्षू रेणुक, आणि पुष्कर म्हणजे दान देताना लोकांना दिसावे म्हणून ते झाकू नये असे म्हणणारा उपासक अरिंदम. पोतलीचे लोक म्हणजे ही सगळी परिषद. तिष्या म्हणजे हाच दक्षिणेकडे बघणारा भिक्षू.

"आणि न बघता ठसे विकणारा तो व्यापारी मी होतो," शास्ते म्हणाले. "त्या जन्मी मी सत्याची पारमिता, म्हणजे सत्याचे पूर्णत्व, जोपासली. पण ती मला आपणहून सुचली नव्हती. बापाचा अंगठा ओळखणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ती माझ्यापुढे आणून ठेवली होती."